शिजलेली माती

माझी मावशी माती शिजवते. असं सांगितलं की समोरचा माणूस हळूच विचारतो, "बाकी तब्येत बरी आहे ना त्यांची?" तब्येत ठणठणीत आहे. ती मिरचीची रोपं तयार करून विकते, आणि रोपांना लागणारी माती आधी ड्रममध्ये घालून वाफेवर शिजवून घेते, एवढंच.

घरामागे पत्र्याची शेड आहे. शेडमध्ये मांडणीवर काळे ट्रे, ट्रेच्या बोटभर खणांत एकेक रोप. शेडबाहेर तो ड्रम. ड्रम काकांनी बनवला. काका म्हणजे मावशीचे यजमान. पाणीपुरवठ्याच्या पंपावर तीस वर्षं काढून आता घरी बसलेले. त्यांना तीन घरं पलीकडचा गळका नळ ऐकू येतो, बायकोची हाक मात्र येत नाही. ड्रमच्या तळाशी पाणी, त्यावर भोकं पाडलेला पत्रा, पत्र्यावर माती, मातीवर ओलं पोतं, पोत्यावर झाकण आणि झाकणावर दगड. खाली लाकडं पेटवायची. वाफ मातीतून वर चढत जाते आणि मातीला आंघोळ घडते.

ही आंघोळ कशासाठी, तर मावशी माती आणते कालव्यापलीकडच्या शेतातून. माती फार देखणी. मुठीत धरली की सोडवत नाही. पण त्या शेतात वर्षानुवर्षं टोमॅटो घेतलेला. टोमॅटो, वांगी, मिरची ही सगळी एकाच कुळातली भावंडं, त्यामुळे एकाचं दुखणं दुसऱ्याच्या वाट्याला ठेवलेलंच असतं. अशा मातीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. पुस्तकात त्यांना सूत्रकृमी म्हणतात, मावशी 'गाठवाले' म्हणते. ते मुळांत घुसले की मुळांवर मण्यांसारख्या गाठी येतात. मग झाडाच्या पायाशी कितीही पाणी असलं तरी झाड तहानलेलंच. दुपारी मान टाकतं, संध्याकाळी उचलतं, आणि एक दिवस उचलायचं विसरतं.

माती नीट शिजली की नाही हे कळायला मावशीकडे थर्मामीटर नव्हता. बटाटा होता. कच्चा बटाटा मातीच्या बरोब्बर मध्यात पुरायचा. बटाटा शिजला म्हणजे त्याच्या आजूबाजूची माती तितकी तापली, म्हणजे गाठवाल्यांचा निकाल लागला. बटाटा बघायला विणकामाची सुई. सुई लोण्यात जावी तशी गेली की खालची लाकडं ओढायची. आणि ज्याने जाळ सांभाळला, त्याने तो बटाटा सोलून मीठ लावून खायचा, हा मावशीचा नियम. ती त्याला 'पगार' म्हणायची.

लोक तिच्याकडे रोपं न्यायला येत, त्याहून जास्त माती दाखवायला येत. रुमालात, डब्यात, एकदा तर बुटाच्या खोक्यात. ती माती मुठीत दाबायची, मूठ उघडायची आणि तयार झालेल्या गोळ्याला अंगठ्याने जरासं ढकलायची. गोळा हलक्या धक्क्याने फुटला तर माती मिरचीला चांगली. फुटलाच नाही तर चिकण. गोळाच झाला नाही तर रेताड. हे सगळं दोन सेकंदांत. त्यानंतर माती आणणाऱ्याची खरडपट्टी, तिला मात्र वीस मिनिटं.

एकदा एक दुकानदार भलीमोठी कुंडी पोटाशी धरून आला. पानं गच्च, मिरची एक नाही.

"शेणखत किती घातलंत?"

"मनापासून घातलं, मावशी."

"तेच दिसतंय. खाऊन खाऊन सुस्तावलंय ते. उठून कामाला कशाला लागेल?"

दुसऱ्या एकाच्या मिरच्यांना टोकाशी काळे डाग पडत होते. त्याला फवारणीचं औषध हवं होतं. मावशीने विचारलं, "सोमवारी बादली ओतता आणि मग शनिवारीच आठवण येते, असंच ना?" तो ओशाळून हसला. "मातीत चुना आहे हो भरपूर, पण तो पाण्याबरोबर वर चढतो. पाणी असं झटके देत घातलंत तर फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. औषध झाडाला नको, तुम्हाला हवंय." आणि ज्यांची जमीन पायाखाली दगड झालेली असे, त्यांना ती म्हणे, "बोट घालून बघा. दुसऱ्या पेरापर्यंत गेलं तर मिरची लावा, नाही गेलं तर तिथे बॅडमिंटन खेळा."

मी तिच्याकडे आलो तेव्हा पदवी हातात होती आणि दुसरं काहीच हातात नव्हतं. नोकरीचे अर्ज करायचे ते घरी बसून काय, मावशीकडे बसून काय, असं आई म्हणाली. मावशीने मला काम असं कधी सांगितलं नाही. "जरा ट्रे भर रे," "जरा जाळाकडे बघ रे." सगळं 'जरा'. माझ्या शिक्षणाचं तिला भारी कौतुक. गिऱ्हाइकांना सांगायची, "आमचा भाचा शिकलेला आहे, त्याला विचारा." गिऱ्हाईक कशाला विचारतंय!

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

त्या दिवशी फुटबॉलची फायनल होती. चौकातल्या सलूनमध्ये मोठा टीव्ही होता, सगळी पोरं तिथे जमणार होती आणि चारला मॅच सुरू होणार होती. तीन वाजता मावशी म्हणाली, "एवढा एक ड्रम लाव, उद्या पेरणी करायची आहे." ड्रम लावायचा म्हणजे जाळ धरून दोन तास. मी मनातल्या मनात हिशेब केला, राष्ट्रगीत, टॉस, पहिला अर्धा भाग, सगळं जाणार. स्वयंपाकघरात पाणी घ्यायला गेलो, तर ओट्यावर ताटलीत उकडलेले बटाटे निवत ठेवलेले.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या मात्र तेव्हा लक्षात आलं नाही की मी काय करतोय. मला ते हुशारीचं वाटलं, लाज वाटेल असं काही दिसलंच नाही. उकडलेला बटाटा मातीत पुरला, झाकण ठेवलं, दगड ठेवला, जाळ केला. पाऊण तासाने हाक मारली, "मावशी, शिजला!"

ती पदराला हात पुसत आली. सुई घातली. सुई काय, काडी घातली असती तरी गेली असती. "आज लवकर?" ती म्हणाली.

"लाकडं चांगली वाळलेली होती."

"हो का? बरं बाबा." आणि तिने जाळ ओढला. मी निघालो तर मागून हाक आली, "अरे, पगार विसरलास!" मी तिच्यासमोर उभा राहून तो बटाटा मीठ लावून खाल्ला. दोनदा शिजलेला बटाटा. सलूनमध्ये पोचलो तेव्हा पहिल्या पाच मिनिटांचा खेळ झाला होता.

त्या मातीत मावशीने ढोबळी मिरची पेरली. सहा आठवड्यांनी रोपं पाच घरी गेली. सगळ्यात जास्त नेली टेलरने. टेलर म्हणजे पूर्वी खरोखरीच टेलर. मग त्याने मशीन विकून प्लॅस्टिकची मोठी शेड उभारली आणि मिरची लावायला लागला. गळ्यातली मापाची टेप मात्र गेली नाही. आठवड्याला रोपांची उंची मापायचा आणि वहीत लिहायचा. भेटला की म्हणायचा, "तुमची रोपं म्हणजे रेडिमेड नाही मावशी, अंगाला मापून शिवलेली."

आणखी सात आठवडे गेले. एका सकाळी टेलर आला, गळ्यात टेप, हातात ओल्या वर्तमानपत्राची गुंडाळी. शेडच्या बाकावर त्याने ती उलगडली. आत मुळासकट उपटलेलं ढोबळीचं झाड होतं. मुळं धुतलेली. त्यांच्यावर गाठीच गाठी, धाग्यात ओवून गच्च बसवलेल्या मण्यांसारख्या.

मावशी बराच वेळ वाकून बघत राहिली.

"तुमच्यावर शंका नाही हं," टेलर घाईघाईने म्हणाला. "तुमची माती शिजलेली, मला माहीत नाही का! हे आमच्या सासुरवाडीहून आलंय. हिने माहेरून वांग्याची दोन झाडं आणली मातीसकट, आणि दारातच लावली. मी उपटून फेकून दिली. आता ही पंधरा दिवस बोलत नाही माझ्याशी."

"पंधरा दिवसांत गाठी एवढ्या नाही होत," मावशी सरळ होत म्हणाली. "वांगी कधी लावली होती?"

"झाला की महिना."

मावशीने बोटांवर आठवडे मोजले. महिनाही कमीच पडत होता. टेलर गेल्यावर मांडणीच्या कोपऱ्यात गेली. त्या खेपेची चार रोपं कुंडीत राहिली होती, विकली न गेलेली. एक उपटलं, बादलीत मुळं खळबळली, उजेडात धरलं. मग दुसरं, तिसरं, चौथं. चौथ्यानंतर बादलीच्या काठावर दोन्ही हात ठेवून तशीच बसून राहिली.

"आपल्याकडूनच गेलंय रे," ती म्हणाली.

त्या क्षणी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते असं, "पण मावशी, असं कसं होईल?" शिकलेला भाचा!

नंतरचे तीन दिवस तिने चूक शोधली. मी तिच्याबरोबर शोधली, यापेक्षा निर्लज्ज गोष्ट मी आयुष्यात केलेली नाही. पत्र्याची भोकं बुजली का, ते बघितलं. झाकणातून वाफ निसटते का, ते बघितलं. मी दगड धरून उभा होतो. ड्रममध्ये तीन ठिकाणी तीन बटाटे पुरून दोन दुपारी जाळ केला. तिन्ही बटाटे व्यवस्थित दोन तासांनीच शिजले. ड्रममध्ये दोष नाही, मातीत नाही, लाकडात नाही. मग उरलं कोण?

तिसऱ्या दुपारी तिने विणकामाची सुई हातात घेतली, हात समोर लांब केला आणि म्हणाली, "तुझे डोळे तरणे आहेत. खरं सांग. माझा हात थरथरतो का रे?"

हात दगडासारखा स्थिर होता. मुंगीसुद्धा त्या सुईवरून पलीकडे चालत गेली असती. पण माझ्या मनात काय आलं सांगू? हात थरथरतो म्हटलं, की शोध संपला. बटाट्याच्या अंगाला सुई नीट न लागता निसटली असेल, कच्चा असून शिजल्यासारखा वाटला असेल, वय झालंय, होतं असं. मग त्या दिवशीचा बटाटा कोण विचारणार?

"थोडासा," मी म्हणालो.

तिने मान हलवली, जणू हेच ऐकायची तयारी करून बसली होती. सुई खाली ठेवली. "मलाही वाटत होतं," ती म्हणाली. तिला काही वाटत नव्हतं. मी म्हणालो म्हणून वाटायला लागलं.

संध्याकाळी तिने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. दुसऱ्या दिवशी पेरणी मला दिली. एका खणात एक बी, हे काम तिने तोपर्यंत कुणाच्या हाती दिलं नव्हतं. एक बाई रोपं मागायला आल्या तर त्यांना म्हणाली, "यंदा दुसरीकडे बघा. माझा हात राहिला नाही आता." बाई 'अगंबाई' म्हणून हळहळल्या. मी त्यांच्यासाठी फाटक उघडलं, कारण मी संस्कारी मुलगा!

काका हे सगळं ओसरीवरून बघत होते. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. नळाचा वायसर बदलत होते. मान वर न करता म्हणाले, "दर खेपेला जाळ ओढल्यावर ड्रममधलं पाणी मी मोजतो. सवय आहे. दोन तासांत चार बोटं आटतं."

त्यांनी जुना वायसर बाजूला ठेवला.

"त्या खेपेला दीड बोट आटलं होतं."

"काका..."

"मला नको सांगू." त्यांनी पान्याने वायसर आवळला. "आमच्या पंपावर एक रीत होती. व्हॉल्व कुणी उघडा ठेवला हे सगळ्यांना माहीत असायचं. पण नाव कुणी घ्यायचं नाही. ज्याने ठेवला त्याने येऊन सांगायचं. त्याच्यासाठी आम्ही थांबायचो. कुणी अर्धा तास लावायचा, कुणी दोन दिवस. पाच दिवस कुणी लावल्याचं मला आठवत नाही."

त्याच दिवशी दहाच्या सुमारास मावशी टेलरकडे निघाली. चूक आपली हे सांगायला, आणि रोपांचं काम बंद करते हे सांगायला. मी चप्पल घालून मागे लागलो. कालव्याच्या बांधावर पोचेपर्यंत धीर गोळा करत होतो. पुलावर सांगितलं. सरळ सांगितलं असं म्हणवत नाही. आधी उकाड्याबद्दल बोललो, मग ओट्यावरच्या ताटलीबद्दल, आणि मग एकदम सगळं.

ती थांबली नाही. चालत राहिली. पुलाच्या टोकाशी विचारलं, "कसली मॅच?"

सांगितलं.

"जिंकले?"

"नाही. हरले."

"बरं झालं," ती म्हणाली. मला हायसं वाटलं. वाटलं, चिडली, आता बोलेल, लागेल ते बोलू दे. पण ती आणखी शंभर पावलं नुसती चालली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बटाट्याचं समजलं. पोर आहे, मॅच होती. हात थरथरतो असं का म्हणालास?"

मी पायाखालची माती बघत चाललो. रेताड होती.

टेलरच्या शेडमध्ये आम्ही शिरलो तेव्हा तो टेप लावून एका खुरटलेल्या झाडाची उंची मापत होता. डावीकडची सगळी रांग माना टाकून उभी, भर सकाळी. मागच्या बाजूला त्याची बायको सुतळीने फांद्या बांधत होती. तिने मावशीला बघून म्हटलं, "मावशी, यांना सांगा, चहा ठेवलाय, हवा असेल तर घ्या." तो तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होता.

"आधी याचं ऐका," मावशी म्हणाली आणि मला पुढे केलं. "बोल. सगळं बोल."

मी बोललो. ताटलीतला बटाटा, पाऊण तास, रोपं. संपवलं.

"मॅचचं राहिलं," मावशी म्हणाली.

मी मॅचचंही सांगितलं.

टेलर तोंड उघडं टाकून ऐकत होता. "मॅच?" तो म्हणाला. "मॅच?" मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर दुसरंच काहीतरी उमटायला लागलं. त्याने मागे वळून बघितलं. बायको सुतळी तशीच हातात धरून उभी होती. पंधरा-वीस दिवसांत पहिल्यांदा ती थेट त्याच्याशी बोलली.

"माझ्या आईला फोन लावा."

"अगं, लावतो ना. संध्याकाळी..."

"आत्ता. इथे. वांगी घाणेरडी म्हणाला होतात तिला. मी ऐकत उभी राहणार आहे."

टेलरने गळ्यातली टेप काढली, गुंडाळली, खिशात घातली. माझ्याकडे एकदा अशा नजरेने बघितलं, की त्यापेक्षा त्याने कात्री फेकून मारली असती तर परवडलं असतं. मग फोन कानाला लावला. "हॅलो... आई? हो, मीच. नाही नाही, सगळं बरं आहे. म्हणजे... ते वांग्यांचं जरा बोलायचं होतं..." चार फुटांवर मी उभा. माझ्यामुळे दुसरा एक माणूस सासूपुढे लाल झालेला मी कानांनी ऐकला. मावशी तोवर रांगेतून चालत कुठली झाडं ठेवायची, कुठली काढायची ते बघत होती. डावी बाजू पूर्ण काढायची. माती उलटीपालटी करून, ओली करून, वरून पारदर्शक प्लॅस्टिक ताणून भर उन्हात सहा आठवडे झाकायची. पुढच्या वर्षी तिथे मिरची नाही, टोमॅटो नाही, वांगी नाही. लसूण लावा, झेंडू लावा. "आणि काढायला हा येईल," ती म्हणाली. "रोज. जोवर संपत नाही तोवर."

बाहेर पडल्यावर मला वाटलं झालं. मावशी डावीकडे वळली. घर उजवीकडे होतं.

"अजून चार घरं आहेत," ती म्हणाली.

बेकरीवाल्याच्या गच्चीवर कुंड्या होत्या. त्याने रोपं निम्म्याहून जास्त वाळू घालून लावली होती, पाणी साचू नये म्हणून. रेतीत गाठवाले मोकाट पळतात. सगळी झाडं गेली होती. त्याने ती आधीच उपटून एका कोपऱ्यात रचली होती, आणि इतके दिवस समजत होता की भट्टीच्या धुराने मेली. धुराड्याला त्याने नवी टोपी बसवून घेतली होती. मी सांगितलं. तो धुराड्याकडे बघत राहिला. दोन घरी झाडं जगली होती पण पिवळी, फळ लिंबाएवढं. त्यातल्या एका घरातल्या काकू म्हणाल्या, "मला वाटलं मी पाणी कमी घालते, म्हणून पहाटे उठून घालत होते." प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी स्वतःला दोष देऊन मोकळं झालेलं होतं. प्रत्येक ठिकाणी माझं सांगणं आखूड होत चाललं होतं आणि मावशी मागून म्हणत होती, "पाऊण तासाचं सांग," "बटाटा खाल्लास ते सांग."

हाताबद्दल मात्र ती कुठेच काही म्हणाली नाही.

शेवटचं घर नर्सबाईंचं. मागच्या अंगणात काळी चिकट जमीन, पावलाला धरून ठेवणारी. पण बाईंनी दोन वर्षं पाला कुजवून त्यात घातलेला. मिरचीची झाडं त्यांच्या कमरेला लागत होती आणि फळं अशी लगडली होती की मला क्षणभर वाटलं, आपण चुकीच्या घरी आलो. मावशीने परवानगी विचारून एक झाड हलकेच उकरलं. गाठी होत्या. पाच-सहा, बारक्या.

"चिकण मातीत त्यांना हलता येत नाही," ती म्हणाली. "आणि पाला भरपूर आहे, त्यात त्यांना खाणारेही आहेत. काढू नका ही. पण ही माती दुसऱ्या वाफ्यात नेऊ नका, आणि फावडं धुऊन ठेवत जा."

"पण गाठी आल्या कुठून?" नर्सबाईंनी विचारलं.

मी सांगायला लागलो. या वेळी मॅचपासून. पाऊण तास, लाकडं वाळलेली होती ही थाप, मीठ लावून खाल्लेला बटाटा. मावशीला टोकायला जागा ठेवली नाही. ती ओंजळीत माती घेऊन उभी होती. मी थांबायला हवं होतं तिथे थांबलो नाही.

"आणि तिने मला विचारलं, माझा हात थरथरतो का, तर मी थोडासा म्हणालो. थरथरत नव्हता. मी पकडला जाऊ नये म्हणून म्हणालो."

नर्सबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि तेच योग्य होतं. त्या आत गेल्या आणि एक पातळ कागद घेऊन आल्या.

"मावशी, माती टाका. हात समोर करा. बोटं पसरा, पालथा. दवाखान्यात आम्ही असंच बघायचो."

मावशीने हात झटकला, समोर धरला. नखांत काळी माती. नर्सबाईंनी कागद तिच्या बोटांवर अलगद ठेवला. जराशी थरथर असली तर कागदाची कड फडफडते. कागद टेबलावर ठेवल्यासारखा पडून राहिला. नर्सबाईंनी मनात आकडे मोजले, ओठ हलताना दिसत होते. "तीस," त्या म्हणाल्या. "माझ्या हातावर एवढा वेळ स्थिर राहत नाही तो. बघा तुम्हीच."

मावशीने बघितलं. कागदाकडे, मग झाडांच्या शेंड्यांकडे, एकही पान हलत नव्हतं.

"वारा नाहीये आज," ती म्हणाली आणि दुसऱ्या हाताने कागद उचलून बाईंना परत दिला.